आकाशातली वर्षे आणि फायलींतली वर्षे

देवळाली कॅम्पात पहिल्यांदाच मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी तोफांच्या आवाजाने दचकतो; घरचा यजमान मात्र हातातला कप खाली न ठेवता आपले बोलणे पुढे चालू ठेवतो. गेल्या शतकाच्याही आधीपासून या गावाचा आणि सैन्याचा असा घरोबा आहे. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बोटीची वाट पाहत येथील बराकींत महिनोन्‌महिने काढावे लागत, आणि त्या कंटाळ्यातून डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजी भाषेला 'डूलॅली' हा शब्द मिळाला. फाळणीनंतर काकूलची तोफखाना प्रशाला पाकिस्तानात राहिली आणि भारतीय तोफखान्याचे शिक्षण देवळालीला सुरू झाले. डोंगरापलीकडे पडणारा गोळा नेमका कोठे पडतो हे पाहण्यासाठी तोफखान्याचेच अधिकारी छोट्या विमानांतून आकाशात जाऊ लागले. त्या उड्डाणविद्येचा वारसा आज नाशिकरोडच्या सैनिकी हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्राकडे आहे. हे केंद्र २००३ मध्ये सुरू झाले. हवाई दलाचे साहित्य-आगारही याच परिसरात आहे.

नाशिक शहराच्या दुसऱ्या अंगाला ओझर आहे. चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मिग-२१, त्यानंतर मिग-२७, आणि चालू शतकात सुखोई-३० ही लढाऊ विमाने येथे तयार झाली. अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा १९८७ ते १९९२ या काळात याच कारखान्याचे प्रमुख चाचणी वैमानिक होते, आणि ओझरजवळच एका मिग-२१ मधून त्यांना उडी मारून जीव वाचवावा लागला होता. सारांश, देवळाली ते ओझर या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाला आकाशाकडे मान वर करण्याची सवय लहानपणीच लागते. वैमानिक व्हावे असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु त्याला जे दिसते ते वैमानिकाच्या कारकिर्दीचे फक्त पूर्वार्ध असते. हवाई दलातील अधिकाऱ्याचे आयुष्य म्हणजे कॉकपिट, वेग आणि शौर्य अशी आपली समजूत आहे, आणि पाठ्यपुस्तकांतील धड्यांनी व चित्रपटांनी ती दृढ केली आहे. वस्तुतः लढाऊ वैमानिकाला स्क्वाड्रनचे नेतृत्व मिळते ते विंग कमांडरच्या हुद्द्यावर, आणि तेही साधारण दोन वर्षे. पुढे तळाचे प्रमुखपद, मग मुख्यालय. हुद्दा जसजसा वाढतो तसतसे उड्डाण कमी होत जाते. एअर मार्शलच्या खांद्यावर जेवढ्या पट्ट्या असतात, तेवढ्याच फायली त्याच्या टेबलावर असतात. आणि ज्या निर्णयांवर पुढच्या पिढीतील वैमानिकांचे जगणे-मरणे अवलंबून असते, ते निर्णय आकाशात होत नाहीत; ते या फायलींत होतात.

हा उत्तरार्ध नीट पाहायचा तर मराठी वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. हृषीकेश मुळगावकर, अनिल यशवंत टिपणीस, प्रदीप वसंत नाईक आणि विवेक राम चौधरी हे चार मराठी अधिकारी आजवर हवाईदलप्रमुख झाले. पैकी मुळगावकरांचा जन्म १४ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले, तेव्हा या दलाचे वय अवघे आठ वर्षांचे होते. १ एप्रिल १९३३ रोजी चार वापिती विमानांनिशी त्याचे पहिले उड्डाण झाले होते. महायुद्ध पेटले त्या वेळी त्याच्याजवळ एकच स्क्वाड्रन होते. युद्ध संपत आले तेव्हा ती संख्या नऊ झाली होती. मुळगावकरांची पिढी या विस्ताराच्या लाटेबरोबर वर आली. पांढरपेशा मराठी कुटुंबांत मुलाने सरकारी कचेरीत चिकटावे किंवा वकील व्हावे ही तेव्हाची सर्वसाधारण अपेक्षा होती. विमान चालवणे ही चाकरी आहे, असे मानायलाही कोणी तयार नव्हते.

स्वातंत्र्य मिळताच या पिढीवर एकदम वरिष्ठपणा येऊन पडला. इंग्रज अधिकारी परतू लागले होते. सर्वोच्च पद १९५४ पर्यंत इंग्रजांकडेच राहिले, सुब्रतो मुखर्जी हे पहिले भारतीय प्रमुख त्या वर्षी झाले. परंतु मधल्या जागा भरण्यासाठी माणसे हवी होती आणि ती विशीतली होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमाने शीख पलटणीला घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरू लागली, तेव्हा मुळगावकर सत्तावीस वर्षांचे होते. जम्मू-काश्मीरच्या त्या लढाईत हवाई विंगचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. टेम्पेस्ट आणि स्पिटफायर विमाने थोडी, तळावरच्या सोयी जेमतेम, हवामानाचा भरवसा नाही, आणि खाली पायदळाची तुकडी वेढ्यात अडकलेली, अशी ती परिस्थिती होती. आज अशा वेळी चार-पाच पायऱ्यांवरून आदेश येतो. त्या वेळी विंग कमांडरच पाहणी करी, तोच निर्णय घेई आणि कित्येकदा तोच हल्ल्यासाठी उड्डाणही करी. या कामगिरीबद्दल मुळगावकरांना महावीर चक्र मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निर्णय करणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा ही तेव्हा एकच व्यक्ती होती. चुकले तर स्वतःचे विमान कोसळणार, आणि उशीर झाला तर समोर दिसणारी चौकी पडणार. अशा स्थितीत निर्णय रेंगाळत नाही. मुळगावकरांच्या कारकिर्दीची पुढची तीस वर्षे म्हणजे या दोघांमधील अंतर वाढत जाण्याची कथा आहे, आणि ही कथा एकट्या मुळगावकरांची नाही.

१ फेब्रुवारी १९७६ रोजी ते हवाईदलप्रमुख झाले. देशात आणीबाणी होती. वर्षभरात निवडणुका झाल्या, सरकार बदलले, बन्सीलाल यांच्या जागी जगजीवनराम संरक्षणमंत्री झाले. हवाईदलप्रमुख मात्र तेच राहिले. सत्तांतराच्या त्या धामधुमीत गणवेशातील अधिकाऱ्यांनी आपले काम मुकाट्याने चालू ठेवले, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरली जाते की तिचा उल्लेखही कोणी करीत नाही. शेजारच्या देशात त्याच वर्षी, १९७७ च्या जुलैत, लष्कराने काय केले हे आठवले म्हणजे या गृहीताची किंमत कळते.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन निघालेले हवाई दलाचे टुपोलेव्ह विमान रात्री जोरहाटजवळ शेतात कोसळले. विमान नाकावर आदळले. पुढच्या भागातील पाचही हवाईदल कर्मचारी ठार झाले, मागे बसलेले पंतप्रधान वाचले. अखेरच्या क्षणी विंग कमांडर डीलिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवासी वाचावेत म्हणून आघात स्वतःकडे घेतला, असे तेव्हापासून सांगितले जाते. कॉकपिटमधील निर्णय किती सेकंदांत होतो आणि तो घेणारा त्याची किंमत किती तत्काळ चुकवतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. त्या दिवशी मुळगावकरांच्या कचेरीत दुसरा एक निर्णय पडून होता, आणि तो जवळजवळ दहा वर्षांचा झाला होता.

शत्रूच्या प्रदेशात खोलवर शिरून मारा करणारे विमान हवे, ही हवाई दलाची मागणी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनची होती. कॅनबेरा आणि हंटर म्हातारी होत चालली होती. फ्रान्सचे मिराज एफ-१, स्वीडनचे व्हिगेन आणि इंग्लंड-फ्रान्सचे जग्वार अशी तीन नावे शर्यतीत उरली. व्हिगेनचे इंजिन मूळ अमेरिकी असल्याने ते विकण्यास अमेरिकेने हरकत घेतली. विमान चांगले की वाईट हा प्रश्न येथे एकटा नव्हता. परकीय चलन किती लागणार, रुपयांत व्यवहार करणाऱ्या सोव्हिएत युनियनवर किती विसंबायचे, विमान देशात तयार करण्याचा परवाना मिळणार की नाही, सुटे भाग वीस वर्षांनी कोण देणार, असे अनेक प्रश्न त्यात गुंतलेले होते. पंधराशे रुपयांचा पंखा घेताना आपण चार दुकाने फिरतो. येथे तर साऱ्या देशाच्या गंगाजळीचा प्रश्न होता. तेव्हा विचार व्हायलाच हवा होता, हे मान्य. परंतु विचार करणे आणि ठरवणे या दोन गोष्टींत किती वर्षांचे अंतर असावे?

मुळगावकर ३१ ऑगस्ट १९७८ रोजी निवृत्त झाले. जग्वारची निवड सरकारने जाहीर केली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि पहिली जग्वार विमाने अंबाल्याला आली ती जुलै १९७९ मध्ये. तेव्हा प्रमुखपदी इद्रिस हसन लतीफ होते. ज्या विमानाच्या निवडीची लढाई एकाने लढवली, ते उतरताना दुसऱ्याने पाहिले. त्याबद्दल मुळगावकरांनी खंत करण्याचे कारण नव्हते. सरकारी सेवेत झाडे अशीच लावायची असतात. पुढे त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'लीडिंग फ्रॉम द कॉकपिट' असे ठेवले. एप्रिल २०१५ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पस्तीस वर्षांहून अधिक सेवा करून सर्वोच्च पदी पोहोचलेल्या या अधिकाऱ्याला आपल्या पुस्तकाच्या नावात खुर्ची नको होती, कॉकपिट हवे होते, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. तथापि देशाला त्यांचा अधिक टिकाऊ उपयोग झाला तो खुर्चीतूनच. त्यांच्या काळात पारखलेले ते जग्वार, अनेकवार सुधारले जाऊन, आजही भारतीय हवाई दलात आहे. जगात दुसऱ्या कोणाकडेही ते आता उरलेले नाही. हा गौरव आहे की नामुष्की, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता थोडा हिशेब करू. मुळगावकर पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर प्रमुख झाले आणि दोन वर्षे सात महिने त्या पदावर राहिले. टिपणीस १९६० मध्ये अधिकारी झाले, डिसेंबर १९९८ च्या अखेरीस प्रमुख झाले आणि तीन वर्षे राहिले. नाईक १९६९ मध्ये दलात आले, जवळजवळ चाळीस वर्षांनी, ३१ मे २००९ रोजी प्रमुख झाले आणि त्यांना दोन वर्षे दोन महिने मिळाले. नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे चौधरी डिसेंबर १९८२ मध्ये अधिकारी झाले आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून तीन वर्षे प्रमुख होते. चौघांच्या प्रमुखपदाची एकूण बेरीज पावणेअकरा वर्षे होते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण यापुढे जी गोष्ट सांगायची आहे तिला याच्या दुपटीहून अधिक काळ लागला.

चौधरी ज्या वर्षी अधिकारी झाले, त्याच १९८२ साली एअर मार्शल डेनिस ला फोंटेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आणि अपघातांचा विचार केला होता. समितीचे म्हणणे सामान्य माणसालाही समजण्यासारखे होते. प्रशिक्षणार्थी वैमानिक किरण या संथ जेट विमानावर शिकतो आणि तेथून एकदम ध्वनीहून दुप्पट वेगाने जाणाऱ्या मिग-२१ च्या कुळात जाऊन पडतो. मिग-२१ जमिनीवर उतरतानाही अतिशय वेगात असते, त्याचे पंख आखूड, इंजिन एकच. सायकल शिकलेल्या मुलाला मधली पायरी वगळून रात्रीच्या घाटात मालमोटार चालवायला द्यावी, तसा हा प्रकार होता. मध्ये एक पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे. ला फोंटेन पुढे १९८५ मध्ये स्वतः हवाईदलप्रमुख झाले. तरीही ते विमान आले नाही. इंग्लंडचे हॉक घ्यावे की फ्रान्स-जर्मनीचे अल्फा जेट, यावर चर्चा झडल्या. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली. सरकारे बदलली, किमती वाढल्या, पुन्हा वाटाघाटी झाल्या. हॉकचा करार अखेर मार्च २००४ मध्ये झाला आणि हे विमान बिदरला औपचारिकपणे दलात दाखल झाले ते २००८ मध्ये. समितीच्या शिफारशीला सव्वीस वर्षे झाली होती. त्या वर्षी अधिकारी झालेल्या चौधरींची तोवर पाव शतकाची सेवा झाली होती, आणि ते ज्या पिढीतून आले त्या पिढीने मधल्या पायरीवाचूनच उडी मारली होती. ज्यांची उडी चुकली त्यांची नावे प्रमुखांच्या यादीत असणार नाहीत, हे उघडच आहे.

मे २०१२ मध्ये संसदेत देण्यात आलेली माहिती अशी होती, की हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे सारे अपघात प्रशिक्षणातील त्रुटीमुळे झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. पक्षी आदळले, इंजिने बंद पडली, काही विमानांचे वय झाले होते, काही ठिकाणी माणूसही चुकला. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडलेले विमान वाईट होते असाही याचा अर्थ नव्हे. याच मिगने १९७१ मध्ये आपली शान राखली होती. परंतु मधली पायरी असती तर यांपैकी काही तरुण वाचले असते, ही गोष्ट हवाई दलातील जाणकारांनी स्वतःच लिहून ठेवली होती. मग सव्वीस वर्षांच्या विलंबाची किंमत किती? अर्थशास्त्रात एखादी वस्तू न घेतल्यामुळे होणाऱ्या तोट्याची गणना करण्याच्या रीती आहेत. त्या रीतीने एका प्रशिक्षित वैमानिकाच्या शिक्षणाचा खर्च आणि विमानाची किंमत मांडता येते. घरच्यांचे काय, याला कोणत्याही कोष्टकात रकाना नाही. २००१ मध्ये मिग-२१ च्या अपघातात मुलगा गमावलेल्या एका मराठी मातेने हाच प्रश्न वर्षानुवर्षे जाहीरपणे विचारला. चूक वैमानिकाचीच होती हे मान्य करण्यास तिने नकार दिला, तेव्हा कित्येकांना तिचा तो आईचा हट्ट वाटला होता.

टिपणीसांच्या वाट्याला आलेली परीक्षा निराळी होती. कारगिलच्या शिखरांवर २६ मे १९९९ पासून हवाई हल्ले सुरू झाले. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, ही सरकारची अट होती. दुसऱ्याच दिवशी एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गमावले, तिसऱ्या दिवशी क्षेपणास्त्राने एक हेलिकॉप्टर पाडले. इतक्या उंचीवर, इतक्या अरुंद पट्ट्यात लढण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. डावपेच काही दिवसांत बदलावे लागले आणि २४ जूनला मिराज विमानांनी लेसरने दिशा दिलेले बॉम्ब टायगर हिलवर अचूक टाकले. टिपणीसांचे यश ते हे, की हाती जे होते त्याचा मेळ त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महिन्याभरात घातला. पण हाती काय आहे, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवले होते किंवा ठरवायचे राहून गेले होते. प्रमुखाला युद्ध लढायचे असते ते पूर्वसुरींच्या फायलींनिशी.

नाईकांचे उदाहरण याहून बोचरे आहे. ते पदावर आल्यानंतर दोनच महिन्यांत, जुलै २००९ च्या अखेरीस, एचपीटी-३२ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाला प्राणघातक अपघात झाला आणि हा सारा ताफा जमिनीवर उभा करण्यात आला. या जातीच्या विमानाचे १७ मोठे अपघात झाले होते आणि त्यांत १९ वैमानिक गेले होते. म्हणजे प्रगत प्रशिक्षणाची पायरी नुकतीच बसवली, तोच पहिली पायरी निखळली. पहिलीच्या मुलाला एकदम चौथीच्या वर्गात बसवावे तशी मुले काही वर्षे थेट किरण जेटवर शिकू लागली. ताफा उभा करण्याचा निर्णय कठोर होता, प्रशिक्षणाचे सारे वेळापत्रक त्याने कोलमडले, आणि तो योग्य होता. स्वित्झर्लंडच्या ७५ पिलॅटस विमानांचा करार मे २०१२ मध्ये झाला. नाईक तेव्हा निवृत्त होऊन दहा महिने झाले होते.

हा विलंब कोणा एका व्यक्तीच्या आळसातून येतो असे मानणे सोपे आहे, पण ते खरे नाही. देवळाली कॅम्पातील तोफांकडे पाहिले तरी कारण उमगते. १९८६ मध्ये बोफोर्स तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये दलालीचा आरोप झाला आणि त्यानंतर मोठी तोफ खरेदी करण्याच्या कागदावर सही करायला जवळजवळ तीन दशके कोणाचा हात धजावला नाही. के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा सैन्याच्या हवाली करण्याचा समारंभ देवळालीला झाला तो ९ नोव्हेंबर २०१८ रोजी. आपल्या शासनव्यवहारात चुकीच्या निर्णयाची चौकशी होते. न घेतलेल्या निर्णयाची होत नाही. सही करणाऱ्याचे नाव फायलीत राहते, सही न करणाऱ्याचे कोठेच राहत नाही. कोणत्याही कचेरीत काम केलेल्या कारकुनाला हे शहाणपण वेगळे शिकवावे लागत नाही. फरक एवढाच, की त्याच्या टेबलावरील फाईल थांबली तर कोणाचे निवृत्तिवेतन अडते, आणि येथे एखादा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा परत येत नाही.

म्हणूनच वरिष्ठ हवाईदल अधिकाऱ्याचे मोजमाप करताना त्याच्या उड्डाणाचे तास सांगण्याची जी प्रथा आहे ती अपुरी वाटते. चौधरींच्या नावावर ३८०० तासांहून अधिक उड्डाण आहे. मिग-२१ पासून सुखोईपर्यंतची विमाने त्यांनी हाताळली आहेत. हा अनुभव मोलाचा आहे. मुख्यालयात बसून शिफारस करताना धावपट्टी समोर येत असताना पोटात पडणारा खड्डा ज्याला आठवतो, तो नुसत्या किमतीच्या तक्त्यावरून निर्णय करणार नाही. परंतु ही शिफारस पुढे किती टेबलांवरून जाते, प्रत्येक टेबलावर किती दिवस थांबते, आणि थांबवणाऱ्याला कोणी विचारतो की नाही, याचा हिशेब संसदेने आणि वृत्तपत्रांनी ठेवायला हवा. अपघाताची बातमी पहिल्या पानावर येते. समितीची शिफारस आणि करार यांमधले एखादे रिकामे वर्ष मात्र कोणत्याच पानावर येत नाही.

गेल्या काही महिन्यांत या पट्ट्यात बरेच काही हलले आहे, हेही सांगितले पाहिजे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. सहा दशकांचा एक अध्याय संपला आणि हवाई दलातील लढाऊ स्क्वाड्रनांची संख्या मंजूर ४२ च्या तुलनेत २९ वर आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. त्याच दिवशी तेथे एचटीटी-४० या देशी प्राथमिक प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी मांडणी सुरू झाली. या ७० विमानांचा करार मार्च २०२३ चा आहे. तेजसची छायाचित्रे सर्वत्र झळकली. प्रशिक्षण विमानाकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक दोहोंतील अधिक महत्त्वाचे कोणते, यावर वाद होऊ शकतो.

महाराष्ट्राने या क्षेत्रात आपली मुले पाठवण्यासाठी काहीच केले नाही असे नाही. सैनिकी शाळांतील पहिली शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला निघाली. मुळगावकर प्रमुख असताना, १९७७ मध्ये, मराठी मुलांचे अधिकारीवर्गातील प्रमाण वाढावे म्हणून राज्य सरकारने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून टिपणीस, नाईक आणि चौधरी हे तिघेही बाहेर पडले. त्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाली, तिच्यात १७ जणी होत्या.

यंदा नाशिकच्या त्या संस्थेत दाखल झालेली एखादी मुलगी प्रबोधिनीत निवडली गेली, तर २०३० च्या सुमारास ती एचटीटी-४० च्या किंवा पिलॅटसच्या कॉकपिटमध्ये बसेल. २०४५ च्या आसपास तिच्याकडे स्क्वाड्रन येईल. आजवरच्या चौघांचा हिशेब लावला तर हवाईदलप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला तिला २०७० उजाडेल. ती ज्या विमानावर शिकेल ते ओझरला जुळवले जात आहे. ज्या विमानांनिशी तिला एखाद्या कारगिलला तोंड द्यावे लागेल, त्यांच्या फायली आज दिल्लीत कोणाच्या तरी टेबलावर आहेत.